दुसऱ्या गुंडीतले शिसे

चंद्रपूर जिल्ह्यातील वर्धा नदीपासून फार दूर नसलेल्या एका गावात, शाळेजवळच्या बोरिंगच्या, म्हणजे हातपंपाच्या, पाण्यात शिशाचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आहे, असा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीला मिळाला होता. या गावाच्या एका अंगाला कपाशी आणि तुरीची शेते आहेत, तर दुसऱ्या अंगाला एका वीज केंद्राचा राखबंधारा आहे. उन्हाळ्यात वारा सुटला की बंधाऱ्यावरची कोरडी राखड उडते आणि अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर करडा थर बसतो. त्यामुळे पाण्यात शिसे सापडले म्हटल्यावर ते कुठून आले, हे गावाने आपल्यापुरते ठरवूनच टाकले होते.

मी तालुक्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि कार्बनच्या नॅनोपदार्थांनी पाण्यातील जड धातू कसे काढता येतील, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. ग्रामसेवक आणि गावाच्या पाण्याची देखरेख करणारा जलसुरक्षक हे दोघे अहवाल घेऊन आमच्या विभागात आले, ते एक सरळ मागणी घेऊनच. आमच्याकडे धातू शोषून घेणारी काळी वाळू आहे असे त्यांनी विद्यार्थ्यांकडून ऐकले होते, आणि ती शाळेच्या बोरिंगला बसवून द्यावी असे त्यांचे म्हणणे होते. मागणी रास्त होती. शिसे उकळून जात नाही, पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर टाकूनही जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे चालत नाही आणि दुसरा स्रोत नसला तरी या मर्यादेत सवलत दिलेली नाही. लहान मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते. बोरिंग शाळेजवळचे होते, म्हणून मला घाई वाटली.

परंतु जलसुरक्षकाने पिशवीतून आणखी एक कागद काढला. त्याच बोरिंगचा तो दुसरा अहवाल होता आणि त्यात शिसे मर्यादेच्या आत होते. या दोन कागदांमुळे गावात तपासणीवरचाच विश्वास उडाला होता. मी दोन्ही नमुने कोणत्या वेळी घेतले ते विचारले. पहिला नमुना त्याने भल्या पहाटे, शेतावर जाण्यापूर्वी घेतला होता आणि दुसरा दुपारी, शाळा सुटायच्या सुमारास. एवढ्या एका माहितीवरून मला वाटले की वाळू बसवण्याआधी हे पाणी रात्रभर उभे राहिल्यावर कसे बदलते, ते पाहायला हवे. जो दिवस मला सांगायचा आहे, तो यातून ठरला.

त्या आधी या काळ्या वाळूविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या एकाच अणूएवढ्या जाडीच्या थरांची चळत. हे थर ऑक्सिडीकरणाने सुटे केले की ग्राफीन ऑक्साइड मिळते. त्यासाठी आम्ही १९५८ मध्ये हमर्स आणि ऑफमन यांनी दिलेली पद्धत थोड्या बदलांसह वापरतो. तीव्र सल्फ्युरिक आम्ल, पोटॅशियम परमँगनेट आणि बर्फाचे टोपले हे तिचे मुख्य सामान. क्रिया करण्यापेक्षा तिच्यानंतरचे धुणे अधिक चिकाटीचे असते, कारण उत्पादन जेलीसारखे फुगते आणि त्यात अडकलेले मँगनीज पूर्ण निघाले नाही, तर एक धातू काढण्यासाठी पाण्यात दुसरा सोडल्यासारखे होते. अशा थरांच्या कडांवर कार्बोक्सिल आणि पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल व इपॉक्सी असे ऑक्सिजनयुक्त अणुगट असतात. पाण्यात कार्बोक्सिल गटांतून प्रोटॉन सुटतो, ऋण भार उरतो आणि शिशाचा धनभारित आयन (विद्युतभारित अणू) तेथे घट्ट बांधला जातो. २०११ मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठात पुलिकेल अजयन यांच्या गटाने साध्या वाळूवर ग्रॅफाइट ऑक्साइडचा लेप देऊन पारा आणि रंगद्रव्य अडवून दाखवले होते. चेन्नईच्या आयआयटीत टी. प्रदीप यांच्या गटाने २०१२ मध्ये साखर हा कार्बनचा स्रोत धरून वाळूवर ग्राफीनसदृश थर चढवला. आमची वाळू याच वाटेवरची, ग्राफीन ऑक्साइडचा लेप दिलेली आहे.

या पदार्थाविषयी जे आकडे छापून येतात, ते वाचून कोणालाही भुरळ पडावी. २०११ मध्ये चिनी संशोधकांनी काही मोजक्या थरांच्या ग्राफीन ऑक्साइडची शिसे धरण्याची क्षमता ग्रॅममागे ८४२ मिलिग्रॅम नोंदवली, तर २०१३ मध्ये पोलंडमधील संशोधकांनी ती १,११९ मिलिग्रॅम नोंदवली. म्हणजे स्वतःच्या वजनापेक्षाही अधिक शिसे. त्याच पोलिश प्रयोगात कॅडमियमसाठी ५३० आणि तांब्यासाठी २९४ असे आकडे होते. हे आकडे खरे आहेत आणि ते काळजीपूर्वक मोजलेले आहेत. मात्र ते शुद्ध पाण्यात धातूचे क्षार विरघळवून, सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) ५ च्या आसपास ठेवून मिळालेले आहेत. आमच्या भागातील बोरिंगचे पाणी कठीण असते, त्याचा सामू सहसा ७ च्या वर असतो आणि त्यात धातू आलेच तर मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शांत असतात.

दिवाळी उलटून गेली होती आणि कापूस वेचणी सुरू झाली होती. वेचणीच्या दिवसांत बाया अंधारातच पाणी भरून ठेवतात, म्हणून आम्हाला त्यांच्याही आधी बोरिंगवर पोहोचणे भाग होते. जलसुरक्षकाने आदल्या रात्री घरोघर सांगून ठेवले होते की सकाळी आम्ही येईपर्यंत दांड्याला कोणी हात लावू नये, आणि लोकांनी ते पाळले. माझ्यासोबत पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थी होते. आम्ही आम्लाने धुतलेल्या बाटल्या ओळीने मांडल्या. त्यांपैकी एका संचात नायट्रिक आम्लाचे थेंब घातलेले होते, कारण तसे केले नाही तर शिसे बाटलीच्या भिंतीला चिकटते आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत पाणी उगाचच स्वच्छ दिसू लागते.

आम्ही पहिल्या हापशापासून ठराविक अंतराने पाणी घेत गेलो. यामागचा विचार साधा होता. बोरिंगच्या तोंडातून येणारे पाणी क्रमाने वर येते. आधी पाइपच्या वरच्या भागात रात्रभर उभे असलेले पाणी येते, त्यानंतर खालच्या भागातले, मग तळाच्या सिलिंडरमधले आणि शेवटी खडकातून ताजे आलेले. कोणत्या लिटरला शिसे चढले हे कळले की ते कोणत्या खोलीवर पाण्यात मिसळते, हेही काढता येते. हे बोरिंग इंडिया मार्क टू प्रकारचे होते. युनिसेफच्या साहाय्याने १९७० च्या दशकात घडवलेला हा पंप आजही आमच्या खेड्यांत सर्वत्र दिसतो. साधारण ४० हापशांत तो १५ लिटर पाणी देतो, म्हणजे इकडच्या मापाने एक गुंडी. सिलिंडर ३० मीटरच्या आसपास खोल होता, पाइप सव्वा इंची, जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा होता, आणि आतल्या सळईची जागा वजा केली तरी त्या पाइपात सुमारे २५ लिटर पाणी मावते. तेव्हा सिलिंडरमधले पाणी वर यायचे तर ते पहिल्या गुंडीत येणार नाही. दुसऱ्या गुंडीच्या मध्यापुढे येईल.

शाळेच्या व्हरांड्यात आम्ही मोजणीचे सामान लावले. शिसे जागेवर मोजण्यासाठी आम्ही जे उपकरण नेले होते ते हातात मावणारे आहे. त्यात कागदी पट्टीसारखे छापील कार्बन इलेक्ट्रोड बसतात आणि त्या इलेक्ट्रोडवर आम्ही कार्बन नॅनोट्यूबचा पातळ थर दिलेला असतो. जपानच्या सुमिओ इइजिमा यांनी १९९१ मध्ये ज्यांचे वर्णन केले आणि ज्यांच्यामुळे या क्षेत्राला वेग आला, त्याच या नलिका. विजेचे वहन उत्तम आणि पृष्ठभाग मोठा, म्हणून अत्यल्प धातूही त्यांच्यावर जमा करता येतो. पूर्वी या कामासाठी पाऱ्याचा थर वापरत असत. २००० मध्ये जोसेफ वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाऱ्याऐवजी बिस्मथ वापरून दाखवला आणि त्यानंतर असे इलेक्ट्रोड खेड्यात घेऊन जाणे निर्धोक झाले. नमुन्यात ॲसिटेटचे बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) मिसळायचे, ठराविक वेळ ऋण विभव (विजेचा दाब) देऊन धातू इलेक्ट्रोडवर जमा करायचा, मग विभव हळूहळू चढवत न्यायचा. कॅडमियम असेल तर तो उणे ०.८ व्होल्टच्या सुमारास सुटतो आणि शिसे त्यानंतर, उणे ०.६ व्होल्टच्या आसपास. धातू सुटताना पडद्यावर विजेच्या प्रवाहाची उंची उठते आणि तिच्यावरून प्रमाण काढता येते. गावच्या पाण्यात इतर क्षारही असल्याने ही उंची शुद्ध पाण्यातल्यापेक्षा वेगळी येते, म्हणून प्रत्येक नमुन्यात माहीत असलेल्या प्रमाणाचे शिसे थोडे थोडे मिसळून वाढ किती होते ते पाहावे लागते. हे काम वेळखाऊ आहे आणि ते गाळले तर मोजणीला काही अर्थ उरत नाही, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

पहिल्या बाटलीत शिशाची उंची होती, पण बेताची. त्यानंतरच्या बाटल्यांतही ती तेवढीच राहिली. दुसऱ्या गुंडीच्या मध्यानंतर घेतलेल्या बाटलीत मात्र रेषा एकदम वर गेली. आम्ही पट्टी बदलून तोच नमुना पुन्हा मोजला, तरीही तेच. त्याच्या पुढच्या बाटलीत ती उतरू लागली आणि चौथ्या गुंडीनंतर मर्यादेच्या आत आली. ताज्या पाण्यात शिसे जवळपास नव्हतेच. रात्रभर जे पाणी सिलिंडरमध्ये, म्हणजे पंपाच्या धातूच्या भागांना चिकटून उभे होते, नेमके तेच पाणी दूषित होते.

सिलिंडरच्या आत पितळी अस्तर असते आणि झडपा गनमेटलच्या असतात. गनमेटलच्या एका प्रचलित प्रकारात तांबे ८५ टक्के आणि कथील, शिसे व जस्त प्रत्येकी ५ टक्के असे प्रमाण असते. शिशामुळे ओतकाम आणि कातकाम सोपे जाते, म्हणून ते मुद्दाम घातलेले असते. पाणी वाहते असेल तर त्यातून फारसे काही सुटत नाही, पण झिजलेल्या झडपेभोवती पाणी रात्रभर थांबले की शिसे हळूहळू विरघळत राहते. हे मी विद्यार्थ्यांना समजावत होते, तेवढ्यात शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या काकू आल्या. रोज सकाळी सर्वांत आधी पाणी कोण भरते, असे मी त्यांना विचारले.

“मीच भरते जी,” त्या म्हणाल्या. “पहिल्या गुंडीले लोखंडाचा वास येते, म्हणून तिनं भांडे धुतो. दुसरी गुंडी पोराईच्या पिण्याच्या रांजणात.”

व्हरांड्यात कोणीच काही बोलले नाही. काकूंनी वर्षानुवर्षे जे केले ते समजूनउमजून, मुलांना चांगले पाणी मिळावे म्हणून केले होते, आणि सर्वांत वाईट पाणी तेवढ्या एका रांजणात जात होते. मी त्यांना एवढेच सांगितले की आजपासून चार गुंड्या पाणी बाजूला काढा, ते भांड्यांना आणि झाडांना वापरा, आणि रांजण त्यानंतर भरा. त्यांनी लगेच रांजण उपडा केला.

एकाच बोरिंगवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हते. म्हणून आम्ही राखबंधाऱ्याच्या अधिक जवळच्या दोन ठिकाणांचे पाणी मोजले. त्यांपैकी एक शेतातील उघडी विहीर होती आणि दुसरी पलीकडच्या वस्तीतील विद्युतपंपाची बोअर, जिला गनमेटलची झडप नव्हती. दोन्ही ठिकाणी शिशाची उंची दिसली नाही. शिसे बंधाऱ्यातून येत असते तर ते येथे आधी दिसले असते.

ही गोष्ट मी उघडपणे सांगितली आणि वातावरण बदलले. विहिरीचे मालक, ज्यांच्या शेताला बंधाऱ्याची पाळ लागून आहे, ते पुढे येऊन म्हणाले, “म्हंजे राखडीचा काहीच दोष नाही म्हणता काय जी मॅडम? तुमच्या या कागदानं तं त्यायचंच फावते.”

त्यांचा राग मला समजत होता आणि त्यांना टाळून पुढे जाणे मला योग्य वाटले नाही. मी जे सांगितले ते असे : आज आम्ही फक्त शिसे आणि कॅडमियम शोधले आहेत. राखेतून झिरपणारे पाणी बऱ्याचदा अल्कधर्मी असते आणि अशा पाण्यात शिसे फार दूर जात नाही. ते मातीच्या कणांना धरून बसते. परंतु आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन आणि क्रोमियमचे एक रूप यांची रीत वेगळी आहे. आर्सेनिक, सेलेनियम आणि ते क्रोमियम पाण्यात ऋणभारित होऊन राहतात, बोरॉन तर बहुधा भाराशिवायच राहतो, आणि अल्कधर्मी पाण्यात हे सारे अधिक सहज प्रवास करू शकतात. म्हणून शिसे सापडले नाही यावरून बंधारा निर्दोष ठरत नाही, आणि शिसे सापडले असते तरी बाकीच्यांविषयी काही कळले नसते. त्यांच्या विहिरीची वेगळी तपासणी लागेल आणि ती मी करीन, असे मी त्यांना सर्वांसमोर सांगितले. त्यांचे समाधान झाले असे म्हणता येणार नाही, पण ते दिवसभर आमच्याजवळ बसून राहिले आणि प्रत्येक बाटलीवरची चिठ्ठी त्यांनी स्वतः वाचून पाहिली. “जड धातू” या एका नावाखाली आपण इतक्या वेगळ्या स्वभावाचे पदार्थ कोंबतो की लोकांना एका गाळणीने सारे निघेल असे वाटले, तर त्यात त्यांचा दोष नाही.

दुपारी आम्ही वाळूकडे वळलो. तिची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगले पाणी मिळाले नसते, म्हणून दुसऱ्या गुंडीतले पाणी आम्ही वेगळे ठेवले होते. लेप दिलेल्या वाळूचा स्तंभ स्टँडला लावून त्यातून पाणी आपल्या वजनाने उतरू दिले. खाली आलेल्या पाण्यात शिशाची रेषा जवळपास सपाट झाली. जमलेल्या लोकांना पडद्यावरचा फरक दाखवता आला, आणि इतकी वर्षे प्रयोगशाळेत जे पाहिले ते शाळेच्या व्हरांड्यात, त्याच गावच्या पाण्यात घडताना पाहून मला मनापासून आनंद झाला.

एका विद्यार्थ्याने विचारले की वाळूचा खटाटोप कशाला, ग्राफीन ऑक्साइड सरळ पाण्यातच का घालू नये, म्हणजे सगळा पृष्ठभाग वापरात येईल. मी त्याला ते करून पाहायला सांगितले. ऊर्ध्वपातित पाण्यात ग्राफीन ऑक्साइडचे तपकिरी द्रावण आठवडेच्या आठवडे जसेच्या तसे राहते. त्याने तेच द्रावण बोरिंगच्या पाण्यात ओतले आणि थोड्याच वेळात त्यात गुठळ्या दिसू लागल्या, त्या एकमेकींना धरून मोठ्या झाल्या आणि तळाशी बसल्या. वर पाणी नितळ राहिले. “दूध फाटलं,” काकू म्हणाल्या, आणि दिसत तसेच होते. पाण्यातल्या कॅल्शियमचे आयन दुहेरी धनभाराचे असतात. ते थरांवरील ऋण भार झाकतात आणि दोन थरांना जोडूनही ठेवतात, त्यामुळे एकमेकांना दूर लोटणारे थर गोळा होतात. आमच्या भागातील बहुतेक बोरिंगांच्या पाण्यात यासाठी लागते त्याहून अधिक कॅल्शियम असते. थर गोळा झाले म्हणजे आतला पृष्ठभाग बंद होतो. आणि जे बारीक थर खाली बसत नाहीत, ते पिणाऱ्याच्या पोटात जातात. पिण्याच्या पाण्यात ग्राफीन ऑक्साइड किती चालेल, याची मर्यादा आपल्या मानकात नाही. अशा स्थितीत मुलांच्या रांजणात ते सुटे सोडणे मला कधीही मान्य होणार नाही. वाळूवर पक्के बसवलेला लेप कमी धातू धरतो, पण तो जागेवर राहतो की नाही हे तपासता येते, आणि आम्ही स्तंभातून आलेले पाणी त्याच कारणाने गाळणकागदावर घेऊन पाहिले.

पाणी पुढे जात राहिले आणि उन्हे उतरायच्या आतच शिशाची रेषा पुन्हा वर येऊ लागली. कागदावरच्या हिशेबापेक्षा ती कितीतरी लवकर आली. हा हिशेब मी फळ्यावर मांडला, कारण अशा वाळूकडून काय अपेक्षा ठेवायची हे ग्रामपंचायतीला कळणे आवश्यक होते. समजा पाण्यात लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम शिसे आहे आणि शाळेला रोज ५०० लिटर पाणी लागते. म्हणजे दिवसाला १५ मिलिग्रॅम, आणि वर्षाला सुमारे साडेपाच ग्रॅम शिसे. ग्रॅममागे ८४२ मिलिग्रॅम ही क्षमता धरली, तर वर्षभरासाठी साडेसहा ग्रॅम ग्राफीन ऑक्साइड पुरावे. एवढ्याशा भुकटीत वर्षभराचे काम होणार असेल तर कोणालाही ते हवेसे वाटेल. परंतु ती क्षमता भरपूर शिसे असलेल्या पाण्यात, पृष्ठभागावरची एकूण एक जागा भरल्यानंतरची आहे. पाण्यात शिसे जितके कमी, तितका जागांचा थोडाच भाग भरतो. रसायनशास्त्रज्ञ लँगम्यूर यांनी १९१८ मध्ये मांडलेले समीकरण हेच सांगते. शिवाय त्या जागांवर हक्क सांगणारे इतरही असतात. लिटरमागे ८० मिलिग्रॅम कॅल्शियम आमच्याकडे नवलाचे नाही. त्या पाण्यात शिशाच्या एका आयनामागे कॅल्शियमचे सुमारे १४,००० आयन असतात. कार्बोक्सिल गट शिशाला अधिक पसंत करतात हे खरे, म्हणूनच स्तंभाने काम केले. पण समोर एवढी गर्दी असताना पसंतीची ताकद अपुरी पडते.

जलसुरक्षक हे सगळे वहीत उतरवून घेत होता. त्याने विचारले की वाळू भरली की तिचे करायचे काय, कारण ती बदलण्याचे काम शेवटी त्याच्याकडेच येणार. मला वाटते, या विषयावर जितके लिहिले जाते त्यात या प्रश्नाला सर्वांत कमी जागा मिळते. शिसे नाहीसे झालेले नसते, ते वाळूवर गेलेले असते. सौम्य आम्लाने धुतले तर प्रोटॉन त्याची जागा घेतात, शिसे सुटते आणि वाळू पुन्हा वापरता येते, परंतु मग शिसे असलेले आम्ल हातात उरते आणि ते शाळेमागच्या नालीत ओतले तर आपण शिसे रांजणातून काढून जमिनीत घातले एवढाच त्याचा अर्थ. २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांप्रमाणे अशा कचऱ्याची विल्हेवाट ठरलेल्या केंद्रातच लावावी लागते. विदर्भात असे सामायिक केंद्र नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. एका ग्रामपंचायतीने दर काही आठवड्यांनी डबाभर वाळू तेथवर पोहोचवावी, ही अपेक्षा व्यवहारात उतरणार नाही. म्हणून मी ग्रामसेवकांना सांगितले की वापरलेली वाळू झाकणबंद डब्यात आमच्या विभागात परत येईल, आम्ही ती एकत्र करून पाठवू, आणि ही व्यवस्था लेखी झाल्याशिवाय मी स्तंभ येथे ठेवणार नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी तसे पत्र तयार केले.

त्या पत्रातील पहिले कलम मात्र वाळूविषयी नव्हते. बोरिंगची झडप आणि सिलिंडर तपासून बदलावेत, हे पहिले कलम होते. शिसे जेथून पाण्यात मिसळते ती जागा सापडलेली असताना ते वर येऊ देऊन मग गाळत बसणे, हा लांबचा आणि महागडा मार्ग ठरला असता. वाळूचा स्तंभ दुरुस्ती होईपर्यंतच्या काळासाठी, फक्त पिण्याच्या रांजणावर, आणि पहिल्या चार गुंड्या सोडून दिल्यानंतरच वापरायचा असे ठरले. खरे सांगायचे तर त्या दिवशी कार्बनने सर्वांत मोठे काम केले ते स्तंभात नव्हे, त्या छोट्या पट्टीवर. नॅनोट्यूबच्या थराने शिसे कोणत्या लिटरला येते ते दाखवले नसते, तर आम्ही वाळू बसवून निघून गेलो असतो, दुपारच्या पाण्याचा नमुना स्वच्छ आला असता आणि सर्वांनी आमच्या वाळूचे कौतुक केले असते. जड धातू काढण्याच्या संशोधनाला जेवढे महत्त्व मिळते, तेवढेच ते जागेवर शोधण्याच्या संशोधनालाही मिळावे असे मला आता तीव्रतेने वाटते, आणि विद्यार्थ्यांना विषय देताना मी तसे करू लागले आहे.

आम्लात जपलेल्या बाटल्या नागपूरच्या एका प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या. तेथील आकडे आमच्या व्हरांड्यातील मोजणीपेक्षा किंचित अधिक आले, कारण आमची पट्टी विरघळलेलेच शिसे पकडते आणि प्रयोगशाळेत गंजाच्या कणांवर बसलेलेही मोजले जाते; परंतु चढउताराचा क्रम अगदी तोच होता. त्यानंतर हातपंप दुरुस्ती पथकाने पाइप वर ओढून सिलिंडर बाहेर काढला. खालची झडप झिजून खडबडीत झालेली होती. तिच्या जागी स्टेनलेस स्टीलची झडप बसवली गेली, सिलिंडर बदलला गेला, आणि आम्ही पुन्हा पहाटे जाऊन पहिल्या हापशापासून मोजणी केली. दुसऱ्या गुंडीत रेषा वर गेली नाही. काकूंनी मात्र चार गुंड्या सोडण्याची सवय ठेवली आहे आणि ती त्यांनी मोडू नये असे मीही सांगितले, कारण जुन्या पाइपाच्या जस्तातही थोडे शिसे असू शकते.

विहिरीच्या मालकांना दिलेल्या शब्दाचे काम सुरू आहे. त्यांच्या पाण्यातील आर्सेनिक मोजायला बिस्मथची पट्टी चालत नाही, सोन्याचा इलेक्ट्रोड लागतो. आणि आर्सेनिक सापडलेच तर आमची ही वाळूही उपयोगाची नाही, कारण तिचा पृष्ठभाग ऋणभारित असतो आणि आर्सेनेट या आर्सेनिकच्या ऋणभारित रूपाला तो दूर लोटतो. त्यासाठी ग्राफीनच्या थरांवर लोहाचे ऑक्साइड बसवावे लागते. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१० मध्ये मॅग्नेटाइट बसवलेल्या अशा पदार्थाने आर्सेनिक काढून दाखवले होते आणि लोहचुंबकाने तो पदार्थ पाण्यातून ओढूनही घेता आला होता. आमच्या विभागात त्याची पहिली धुणी चालू आहेत. पावसाळा संपताना आणि भर उन्हाळ्यात, अशा दोन्ही वेळी त्या विहिरीचे नमुने घ्यायचे आहेत, कारण बंधाऱ्यातील पाण्याची पातळी या दोन ऋतूंत सारखी नसते. बाटल्यांवर तारीख आणि वेळ घालण्याचे काम विहिरीच्या मालकांनी स्वतःकडे घेतले आहे.